आजोबांची चालींची वही आणि एम.ए.चा लघुप्रबंध

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. विशारद झालंय, नाशिकमधूनच एम.ए. संगीत चाललंय, पुढच्या वर्षी लघुप्रबंध द्यायचाय आणि संशोधन कसं करतात हे कुणी शिकवलंच नाही, अशी तुमची तक्रार. विषय डोक्यात आहे ‘नाशिकची संगीत परंपरा : एक अभ्यास’. त्यासाठी कोणती पुस्तकं वाचू, कोणता कोर्स करू, असं विचारलंय. आणि अगदी शेवटी, कंसात, जाता जाता लिहिलंय की आजोबा पंचवटीतल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांच्या चालींच्या तीन वह्या आणि एक कॅसेट घरात आहे, वह्यांमधल्या खुणा आता कुणालाच कळत नाहीत आणि घरचे त्या रद्दीत द्यायला निघालेत.

आधी तो कंस. वह्या रद्दीत देऊ नका. आज संध्याकाळी मोबाइलवर पानन् पान फोटो काढा, कोरी पानं आणि मुखपृष्ठ सोडू नका, आणि मग बाकीचं वाचा.

मी नाशिकात वीसेक वर्षं गाणं शिकवतेय आणि त्यातली बरीचशी एम.ए.च्या मुलांचे लघुप्रबंध तपासण्यात गेलीत. दर वर्षी दोन प्रकारचे विषय येतात: ‘अमुक पंडितांचे योगदान’ आणि ‘तमुक आणि ढमुक : एक तौलनिक अभ्यास’. पहिल्यात विशेषणं असतात, दुसऱ्यात तक्ते. ‘नाशिकची संगीत परंपरा’ हा या दोघांचा थोरला भाऊ. त्यात प्रश्नच नाही. प्रश्न नसला की काय वाचायचं ते ठरत नाही, म्हणून माणूस सगळं वाचत सुटतो आणि मार्च उजाडला की भूगोल, इतिहास, कुंभमेळा, काळाराम मंदिर अशी ऐंशी पानं भरतात आणि संगीत उरतं शेवटच्या वीस पानांत.

म्हणजे तुमची खरी अडचण पुस्तकांची किंवा कोर्सची नाही. गाणाऱ्याचा कान जे ओळखतो, ते ‘मला हे कसं कळलं?’ असं स्वतःला विचारून कागदावर मांडायची सवय आपल्याला नसते, ही आहे. भूप आणि देशकार हे राग तुम्ही पाच सेकंदांत ओळखाल. स्वर तेच पाच. विचारलं तर सांगाल, एकाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, दुसऱ्याचा धैवत. पण हे पुस्तकातलं उत्तर झालं. तुमच्या कानाने त्या पाच सेकंदांत नेमकं काय पकडलं? धैवतावरचा मुक्काम? पंचमाकडे येण्याची तऱ्हा? चार गायकांच्या रेकॉर्डिंगमधली पहिली पाच मिनिटं घेऊन, घड्याळ लावून, प्रत्येकाचा धैवतावरचा मुक्काम मोजून बघा. दोन रविवार जातील. त्या दोन रविवारांत जे शिकाल ते संशोधनपद्धतीच्या अख्ख्या पेपरात शिकणार नाही. पेपर द्यावाच लागतो, द्या.

आता तुमच्या वह्यांकडे येते, कारण मला तिथे विषय दिसतोय.

पहिलं काम, त्या खुणा कुठल्या पद्धतीच्या हे ठरवणं. आपल्याकडे छापील नोटेशनच्या, म्हणजे स्वरलेखनाच्या, दोन मोठ्या पद्धती, भातखंड्यांची आणि विष्णु दिगंबर पलुसकरांची. तुम्ही महाविद्यालयात बहुधा भातखंडे पद्धत वापरता: स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, ‘म’च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक, वर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. हाच चष्मा लावून पलुसकर पद्धतीची वही वाचलीत तर सगळं उलटंपालटं होईल. तिथे वर टिंब म्हणजे मंद्र सप्तक. तार सप्तकाला स्वरावर उभी रेघ. कोमलाला पाय मोडल्यासारखी खूण. आणि स्वराखाली आडवी रेघ असेल तर ती एका मात्रेची. घरच्यांना ‘कळत नाही’ ते बहुतेक यामुळेच: वाचायला गेलं की चाल भलतीच निघते, म्हणून वही निकामी ठरते.

मग ओळखायचं कसं? चालीत शिरू नका, ‘सा’ आणि ‘प’ शोधा. हे दोन अचल स्वर. त्यांच्याखाली आडवी रेघ दिसली तर ती कोमलाची असूच शकत नाही, कारण कोमल षड्ज नावाची वस्तू जगात नाही. तसंच ‘सा’च्या डोक्यावर उभी रेघ दिसली तर ती तीव्राची नाही. अशा दोन-चार जागा सापडल्या की पद्धत कुठली हे तुम्ही कुणालाही पटवून देऊ शकता, नुसतं ‘मला वाटतं’ म्हणावं लागत नाही. या जागांचे फोटो वेगळे ठेवा, पान क्रमांकासकट. लघुप्रबंधातलं तुमचं पहिलं भक्कम पान ते असेल. अर्थात आजोबांनी दोन्हींची भेळ केली असेल किंवा स्वतःचीच एक खूण काढली असेल, हेही शक्य आहे. पेटीवाले असं सर्रास करतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ खटक्याच्या (झटक्यात घ्यायच्या स्वरांच्या) जागी छोटा मासा काढायचे.

इथे एक मोह होईल, त्याबद्दल आधीच सांगते. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम. आजोबा पंचवटीतले, वही पलुसकर पद्धतीची. म्हणजे आजोबांना विद्या थेट त्या आश्रमातून आली, असं वाक्य हात आपोआप लिहील. लिहू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आणि पुस्तकं गावोगाव पोचली होती. ती पद्धत एखाद्या शाळामास्तरांकडूनही शिकता येत होती. वहीवरून एवढंच सिद्ध होतं की लिहिणाऱ्याला ती पद्धत येत होती. आश्रमाशी नातं जोडायचं तर वेगळा पुरावा लागेल: एखादं पत्र, प्रमाणपत्र, भजनी मंडळातल्या जुन्या माणसाची आठवण. मिळाला तर दिवाळी. नाही मिळाला तर ‘शक्यता आहे’ हे दोन शब्द लिहून पुढे जायचं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वहीचा काळ काढण्यातही असाच वकिली बाणा लागतो. तारीख क्वचितच लिहिलेली असते. मुखपृष्ठावर किंमत छापलीय का बघा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. किंमत आण्यांत असेल तर वही त्याआधी छापलेली, किंवा फार तर त्या सुमाराची. पण वही छापली कधी आणि चाल लिहिली कधी, हे वेगळे प्रश्न. आपल्या घरांत कोरी वही दहा वर्षं कपाटात पडून राहते. दुसरी खूण जास्त मजेशीर. भजनी वहीत अभंगाच्या वर ‘चाल’ असं लिहून एखाद्या नाट्यपदाचा किंवा सिनेमाच्या गाण्याचा मुखडा दिलेला असतो. ते गाणं ज्या वर्षी आलं, त्याआधी ते पान लिहिलेलं असू शकत नाही. शाई बदललीय का, अक्षर कापरं होत गेलंय का, हेही नोंदवा. एकेक खूण लंगडीच असते. तीन एका दिशेला बोट दाखवायला लागल्या की बोलायचं.

आता विषय. माझं मत विचाराल तर: वहीतल्या दहा-बारा चाली निवडा, ज्यांचे अभंग त्या मंडळात आजही म्हटले जातात. मंडळ चालू असेल तर तिथल्या गायकांकडून ते रेकॉर्ड करा, स्वतः नोटेशन करा, आणि वहीशी ताडून बघा की चालीचं काय टिकलं आणि काय बदललं. मुखडा टिकतो आणि अंतऱ्याची उठावणी (सुरुवातीची उचल) बदलते का? स्वर तेच राहून ठेका बदललाय का? पेटीची पट्टी, म्हणजे ‘सा’ची उंची, वर गेलीय का खाली? हा एका वर्षात आवरणारा, तुमच्या आवाक्यातला आणि दुसऱ्या कुणाला करता न येण्यासारखा विषय आहे. ‘नाशिकची संगीत परंपरा’ त्यात पंचवटीच्या एका गल्लीपुरती येईल, पण खरी येईल.

हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, ते कबूल करते. मंडळ बंद पडलं असेल आणि एकही जुना टाळकरी हयात नसेल, तर तुलनेचा अर्धा भाग गळतो; मग नुसत्या वहीचं संपादन आणि स्वरलेखन असा विषय करावा लागेल. वहीत नुसते शब्द जास्त आणि स्वर कमी असतील, तर चित्र आणखी बदलेल. तुमचे मार्गदर्शक ‘भजन म्हणजे शास्त्रीय नव्हे’ म्हणणारे असतील तर त्यांना पटवायला एक महिना जाईल. विद्यापीठाचे नियम, पानांची अट, भाषा हेही आधी विचारून घ्या. मराठीत लिहायची मुभा असेल तर मराठीतच लिहा. ‘उठावणी’ला इंग्रजी शब्द शोधण्यात तुमचा वेळ जायला नको.

रेकॉर्डिंगला जाण्याआधी माझी एक फजिती ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी मी सुरगाण्याकडे आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी ऐकायला गेले होते, मार्गशीर्षात. भोपळ्याची ती पावरी, रात्रभर एकच माणूस फुंकत होता. सकाळी मी त्यांच्याशेजारी वही उघडून बसले आणि विचारलं, “बाबा, हे भूपासारखं वाटतं, नाही का?” ते म्हणाले, “हो ताई, भूपच.” मी खूश. लिहून घेतलं. तासाभराने माझ्या मैत्रिणीने सहज विचारलं, “बाबा, हे दुर्गासारखं नाही वाटत?” ते तितक्याच प्रेमाने म्हणाले, “हो, दुर्गाच.” पाहुणी ताई एवढ्या लांबून आली, तिला नाही कशाला म्हणायचं! चूक त्यांची नव्हतीच. मी प्रश्नातच उत्तर बांधून नेलं होतं. नंतर विचारलं, “ही कधी वाजवता? दुसरी कुठली वाजवता? शिकताना आधी काय शिकलात?” तेव्हा ते दीड तास बोलले, आणि त्यांच्या बोलण्यात रागाचं नावही आलं नाही. कुठलं वाजवणं कधी आणि कुणासमोर चालतं, हे मात्र आलं, आणि त्यातलं काही रेकॉर्ड करायचं नाही हेही त्यांनी सांगितलं. मी मशीन बंद केलं.

तेव्हा मंडळातल्या म्हाताऱ्या गायकांना “ही चाल यमनची का?” विचारू नका. “ही चाल कुणाकडून घेतली?”, “आधी वेगळी म्हणायचात का?”, “हा अभंग कधी घेता, सुरुवातीला की गवळणीनंतर?” असं विचारा. आणि गप्प बसायला शिका. म्हातारी माणसं मध्ये थांबतात ती आठवत असतात. आपण त्या जागेत पुढचा प्रश्न कोंबतो आणि आठवण परत जाते. रेकॉर्डिंग सुरू केल्या केल्या तारीख, ठिकाण आणि हजर माणसांची नावं स्वतःच्या आवाजात बोला, आणि ‘रेकॉर्ड करतेय, अभ्यासासाठी वापरू का?’ याला त्यांचा होकारही त्यातच येऊ द्या. गाणं वेगळं आणि बोलणं वेगळं मुद्रित करा. नंतर त्यांना प्रत नेऊन द्या. पेन ड्राइव्ह नको, नातवाच्या फोनवर पाठवा, म्हणजे ऐकली जाईल.

कॅसेटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. माझ्या लघुप्रबंधात मी एका जुन्या कॅसेटवरून गायिकेची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या स्वरावर ‘सा’, अशी ठरवली आणि तिच्यावर दोन पानांचा सिद्धांत रचला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “टेप वेगात नव्हती कशावरून?” मला उत्तर नव्हतं. वेग फक्त सहा टक्क्यांनी वाढला तरी सगळं गाणं एका अर्ध्या स्वराने चढतं, पांढरी पाच ऐकायला काळी चार होते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचंही तेच. त्यातल्या कित्येक बरोबर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्याच नाहीत. आणि यूट्यूबवर चढवणाऱ्याच्या मशीनचा वेग काय होता, ते तो बिचारा कुठे लिहितो?

यावर एक युक्ती आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये तिची बारीक घूं भरलेली असते. सॉनिक व्हिज्युअलायझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) काढून अगदी तळाशी बघा. ती घूं ५०ऐवजी ५३च्या आसपास दिसली तर टेप साधारण सहा टक्के जोरात चाललीय. फक्त एक फसगत आहे. संगणकावर घेताना वापरलेल्या मशीनची स्वतःची घूंही वर चढते, आणि ती बरोबर ५०लाच दिसते. दोन रेघा दिसल्या तर आनंद माना, कारण वाकडी कुठली ते लगेच कळतं. एकच दिसली आणि ती ५०ला असली तर खात्री धरू नका; मंडळाची पेटी अजून असेल तर तिचे सूर ऐकून ताडा. ती पेटी सापडली तर केवढं सुख! तिची पट्टी माणसाच्या गळ्यासारखी रोज बदलत नाही. मात्र मधल्या काळात ती दुरुस्त झाली का, सूर पुन्हा लावले का, हे विचारायला विसरू नका.

नोटेशन करताना गाणं हळू करून ऐकायचं असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ वापरा. ‘चेंज स्पीड’ने स्वरही उतरतात. स्वरांचा आलेख काढून देणारी प्रात वगैरे सॉफ्टवेअर्स आहेत, पण टाळ-मृदंगाच्या गदारोळात ती आलेखाऐवजी रांगोळी काढतात. आधी कानाने लिहा, मग गरज वाटली तर यंत्राला विचारा. एकाच चालीचं नोटेशन आठवड्याच्या अंतराने दोनदा, पहिलं न बघता करा. दोन्हींत फरक पडला तिथे एक तर गाणारा स्वराच्या मधे कुठेतरी आहे किंवा तुमचा कान सवयीने पुढे धावतोय. अशा जागा लपवू नका, तळटीपेत लिहा.

वाचनाचं आता थोडक्यात. प्रश्न हातात आल्यामुळे ते आपोआप आटोपशीर होईल. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध फुकट वाचता येतात. तिथे देवनागरीत, रोमनमध्ये आणि रोमनच्या चारही स्पेलिंगांत शोधा, भूप कुणी कसा लिहिला असेल याचा नेम नाही. सापडलेल्या प्रबंधातून परिच्छेद उचलू नका, त्याची संदर्भसूची वापरा. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जा. १८४० सालची संस्था आहे, आणि गावातल्या जुन्या गोष्टी कुठे सापडतील हे तिथल्या काउंटरवरच्या माणसाला नीट विचारलं तर अर्धा दिवस वाचतो. भातखंड्यांचं ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीतच आहे आणि प्रश्नोत्तरांत आहे. त्यातलं रागवर्णन तुम्हाला इथे लागणार नाही, पण शंका कशी काढावी आणि परंपरेच्या नावावर सांगितलेल्या गोष्टीला ‘आधार काय?’ कसं विचारावं, हे बघायला शे-दीडशे पानं जरूर वाचा. त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ टीका झाली आहे आणि त्यातली बरीच मला पटते. तरी गावोगाव हिंडून, ऐकून, लिहून, ताडून बघायची त्यांची चिकाटी आपल्यातल्या फार थोड्यांत आहे.

तुम्ही आणखी एक विचारलंय: गुरुजी म्हणतात, पुस्तकं वाचून गाणं येत नाही. बरोबरच म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका आणि सकाळचा रियाज मोडू नका. उलट त्यांचं बोलणंही नोंदवा, तारखेसकट. ‘गुरुमुखातून’ एवढंच लिहिलं तर तो पुरावा होत नाही. ‘अमुक तारखेच्या तालमीत अमुक चालीबद्दल असं म्हणाले’ हा होतो. आणि वहीतली चाल एकदा त्यांच्यासमोर गाऊन दाखवा. काही म्हणाले नाहीत तरी त्यांची मान कुठे हलते ते बघा.

सुरुवात कुठून करायची, तर वहीतला एकच अभंग घ्या, ‘सा’ आणि ‘प’खालच्या रेघा शोधा आणि एक पान लिहा: काय दिसलं, त्यावरून काय म्हणता येतं, काय नाही. ‘सुप्रसिद्ध’, ‘स्वरमहर्षी’, ‘अलौकिक’ असे शब्द आले तर खोडून टाका. ते पान घेऊन मार्गदर्शकांकडे जा, विषयाची चिठ्ठी घेऊन नको.

आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला मंडळातलं कुणी त्र्यंबकला जाणार असेल तर त्यांच्याबरोबर जा. घरात एकेकटे बसून न आठवलेल्या चाली दिंडीत आठवतात. थंडी कडक असते, फोनची बॅटरी लवकर उतरते. पॉवर बँक स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.